हिस्टिडिन आधी का सुटतं

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा दिली, फर्स्ट क्लासही मिळाला, पण पुढे एम.एस्सी.ला जायचा विचार बाजूला ठेवावा लागला. आई म्हणाली, "एक-दोन वर्षं थांब. यांचा हात चालायला लागू दे, मग बघू." घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तेव्हा औषधी तेलाचा वास भरलेला असायचा आणि आई सकाळ-संध्याकाळ बाबांची बोटं एकेक करून उघडत बसायची.

मला नोकरी लागली ती कोलशेतच्या बाजूला, एका लहानशा कारखान्यात. ठाण्याला उतरून बस पकडायची आणि खाडीच्या अलीकडे उतरून दहा मिनिटं चालायचं. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. तो कारखाना केसांचा आहे असं मी घरी सांगितलं तेव्हा आईला वाटलं गंगावनं करतात. तसं नव्हतं. सलूनमधून गोळा केलेल्या केसांची पोती यायची. ते केस तीव्र आम्लात उकळायचे, की केसातलं प्रथिन तुटून त्याची अमिनो आम्लं होतात. मग कॉस्टिक सोडा घालून आम्ल कमी करत नेलं की त्यातलं एक, सिस्टिन, पांढरी पूड होऊन तळाला बसतं. ते औषधवाले घेऊन जायचे. उरायचं ते काकवीसारखं तपकिरी पाणी. त्यात बाकीची सगळी अमिनो आम्लं असायची, पण त्यांचं करायचं काय हे कोणाला माहीत नसल्यामुळे ते पाणी नाल्यात सोडलं जाई, आणि नाला खाडीला मिळायचा.

मालक स्वतः केमिस्ट होते. कुठेतरी वाचून त्यांनी ठरवलं होतं की या पाण्यातून आर्जिनिन वेगळं काढायचं. मला रुजू होऊन आठवडा झाला असेल, त्यांनी मला एका माणसाएवढ्या उंच काचेच्या नळीसमोर उभं केलं. नळीत मोहरीएवढे पिवळसर मणी भरलेले होते.

"हे रेझिन," ते म्हणाले. "धनभार असलेलं जे काही वरून येईल ते हे मणी धरून ठेवतात. तीन अमिनो आम्लं अडकतील, हिस्टिडिन, लायसिन, आर्जिनिन. मग वरून अमोनिया सोडून एकेकाला सुट्टी द्यायची. मला आर्जिनिन स्वच्छ हवंय. किती दिवस लागतील?"

मी म्हटलं, "महिना." मला काहीच अंदाज नव्हता.

मदतीला त्यांनी काका दिले. सगळा कारखाना त्यांना काकाच म्हणायचा. पन्नाशी उलटलेले, कोलशेतच्या कोळीवाड्यातले. आयुष्यभर खाडीत मासे मारले, मग खाडीत जाळं टाकून पुरेसं काही येईना, तेव्हा ते कारखान्यात लागले. त्यांची बायको अजून टोपली घेऊन बाजारात बसायची. अमोनियाच्या वासाने बाकीचे कामगार नाकाला रुमाल लावून पळायचे, काका मात्र नळीखाली स्टूल टाकून शांत बसायचे. नळीतून थेंब थेंब गळणारं पाणी ओळीने मांडलेल्या बाटल्यांत धरायचं, बाटली भरली की तिच्यावर नंबर टाकायचा, हे त्यांचं काम. प्रत्येक बाटलीतला थेंब फिल्टर पेपरवर टाकून, कागदावर द्रावक चढू देऊन ती वेगळी झाली की औषध फवारून, कोणत्या बाटलीत कोण उतरलं ते बघायचं, हे माझं. त्या औषधाने अमिनो आम्लाचा ठिपका जांभळा होतो. माझी बोटंही जांभळी झाली ती दोन वर्षं तशीच राहिली.

दहा-बारा दिवसांत एक गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली. हिस्टिडिन नेहमी आधी सुटायचं. त्याच्या मागून लायसिन. आर्जिनिन मात्र अमोनिया चांगला तीव्र केल्याशिवाय हलायचं नाही. क्रम कधी चुकला नाही. पण हिस्टिडिनची शेपटी लांबायची, ती लायसिनमध्ये मिसळायची, लायसिनची आर्जिनिनमध्ये, आणि शेवटच्या बाटल्यांतही थोडी थोडी सगळ्यांची भेसळ असायची. स्वच्छ असं हाती काही लागेना.

असेच अडीच महिने गेल्यावर एका दुपारी डबा खाताना काकांनी विचारलं, "बाई, ह्यो पयला लवकर का सुटते? नि तिसरा का हटत नाय?"

मला उत्तर पाठ होतं. मी म्हटलं, "काका, प्रत्येकाचा एक आकडा असतो. हिस्टिडिनच्या बाजूच्या साखळीचा सहा. लायसिनचा साडेदहा. आर्जिनिनचा साडेबारा. ज्याचा आकडा लहान, तो आपला प्रोटॉन लवकर सोडून देतो. प्रोटॉन गेला की धनभार गेला, आणि धनभार गेला की मणी त्याला धरत नाही."

काकांनी घास संपवला. म्हणाले, "ता समजला. पन त्याचा नंबर सहा का? नि ह्याचा साडेबारा का? तिघंबी एकाच केसातनं आलंत ना?"

मी पुन्हा तेच आकडे सांगायला लागले आणि अडखळले. पुस्तकात तक्ता होता. तो मी पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता, त्याला पूर्ण मार्क मिळाले होते. त्या आकड्यांमागे काही कारण असेल, हा विचार तीन वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नव्हता.

"बघून सांगते," मी म्हटलं.

"सांग हां," काका म्हणाले. "मना घाई नाय. पन ह्या पान्यातनं जेवरा काढशील तेवरा खाडीत जानार नाय. म्हनून इचारला."

त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःची लाज वाटत होती. काकांसमोर अडखळले म्हणून नाही, आपल्या फर्स्ट क्लासमध्ये नक्की काय होतं हे कळल्यामुळे.

रविवारी सकाळी मी आमच्या कॉलेजच्या बाईंकडे गेले. त्यांनी आम्हाला सेंद्रिय रसायन शिकवलं होतं. निवृत्तीला तीन-चार वर्षं राहिली होती, एकट्या राहायच्या, डोंबिवलीतच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. शिस्तीच्या म्हणून आम्ही त्यांना घाबरायचो. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात वालांची परात होती. "ये," म्हणाल्या, "सोलायला बस. बोलता बोलता होईल."

मी वाल सोलत काकांचा प्रश्न सांगितला. बाई ऐकत होत्या. त्यांचे हात थांबले.

"हा प्रश्न तुला कोणी विचारला म्हणालीस?"

"आमच्याकडचे एक कामगार आहेत. कोळी आहेत."

"आणि तुझ्या वर्गात तो कोणीच विचारला नाही."

"नाही, बाई."

"मीही विचारला नाही," त्या म्हणाल्या. "तक्ता फळ्यावर लिहिला आणि पाठ करा म्हटलं. पोर्शन संपवायचा असायचा." मग उठून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा गेल्या महिन्याचा कागद फाडला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लायसिनची आकृती काढली.

"हे बघ. तिघांमध्येही प्रोटॉन घेणारा नायट्रोजनच आहे. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते, त्या जोडीवर तो प्रोटॉन घेतो. घेतल्यावर त्याच्यावर धनभार येतो. आता एवढंच विचार कर, की तो धनभार अंगावर घेऊन तो किती सुखाने राहू शकतो. जितका सुखात राहील, तितका प्रोटॉन सोडायला नाखूश, म्हणजे आम्लता कमी, आकडा मोठा. लायसिनमध्ये नायट्रोजन एकटा आहे, साखळीच्या टोकाला. धनभार सगळा त्याच्यावरच. बरं चाललंय त्याचं. साडेदहा."

मग त्यांनी आर्जिनिन काढलं. मधे एक कार्बन आणि त्याला तीन बाजूंनी तीन नायट्रोजन.

"इथे प्रोटॉन एकाने घेतला, तरी बाकीचे दोघं आपल्या जोड्या मधल्या कार्बनकडे सरकवतात. धनभार तिघांत वाटला जातो, अगदी सारखा. कोणा एकावर पूर्ण ओझं नाही. असा रेणू प्रोटॉन कशाला सोडेल?"

मला ते इतकं स्वच्छ दिसलं की मी परात बाजूला सारली. "मग बाई, हिस्टिडिन?"

त्यांनी हिस्टिडिनचं कडं काढलं. पाच कोपरे, त्यात दोन नायट्रोजन. दोन्ही नायट्रोजनांवर त्यांनी पेन्सिलीने धनाची खूण केली.

"इथेही धनभार दोघांत वाटला जातो," त्या हळू म्हणाल्या. "मग एकट्याने ओझं वाहणाऱ्या लायसिनपेक्षा हा वरचढ असायला हवा. आणि आहे तर कितीतरी खाली." मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, मला हे येत नाहीये. पुढच्या रविवारी ये."

शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांना ते बोलताना जड गेलं असणार, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. उलट त्या जरा तरुण दिसत होत्या.

त्या आठवड्यात बाई रजा काढून मुंबईच्या लायब्ररीत दोनदा जाऊन आल्या. पुढच्या रविवारी मी बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. टेबलावर वहीची पाच-सहा पानं आकृत्यांनी भरलेली होती.

"बस. आधी हे ऐक. आपण धनभार आल्यानंतरचं बघत होतो. येण्याआधीचंही बघायला हवं. हिस्टिडिनचं कडं आधीपासूनच स्थिर आहे, बेन्झिनसारखं. त्या स्थैर्यासाठी सहा इलेक्ट्रॉन लागतात, आणि त्यातले दोन या एका नायट्रोजनने दिलेत. त्याची जोडी तिथे गुंतलेली आहे. म्हणजे प्रोटॉन घ्यायला राहिला हा दुसरा."

"तो तर मोकळा आहे ना?"

"जोडी मोकळी आहे, पण नायट्रोजन दुहेरी बंधात आहे. दुहेरी बंधातला नायट्रोजन आपली जोडी केंद्राजवळ ओढून धरतो, लायसिनसारखी सैल सोडत नाही. शिवाय शेजारचा नायट्रोजन बंधांमधून थोडे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतोच. तेव्हा हा प्रोटॉन घेतो, पण नाखुशीने, आणि लवकर सोडतो. सहा."

मी म्हटलं, "पण बाई, आर्जिनिनमध्येही प्रोटॉन घेणारा नायट्रोजन दुहेरी बंधातलाच आहे. त्याने तर घट्ट धरून ठेवलाय."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "हेच मी काल दुपारभर शोधत होते. आहे, तोटा त्यालाही आहेच. पण तिथे प्रोटॉन घेतल्यावर मिळणारा फायदा प्रचंड आहे. बाकीचे दोन नायट्रोजन मोकळे आहेत, दोघंही मदतीला येतात आणि तिन्ही वाटे सारखे होतात. हिस्टिडिनमध्ये मदतीला एकच, आणि त्याचे हात कड्यात आधीच अडकलेले. मदत होते, पण थोडी. तोटा भरून निघत नाही."

मी त्या आकृत्या माझ्या वहीत उतरवून घेतल्या. मग बाईंनी चहा टाकला, आणि आतून म्हणाल्या, "तुझ्या त्या काकांना नीट सांग हं. घाईत सांगू नकोस."

सोमवारी मी नळीखालच्या पुठ्ठ्यावर तिघांच्या आकृत्या काढल्या आणि काकांना सांगितलं. इलेक्ट्रॉन हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता, तो समजावण्यातच अर्धा तास गेला. पण वाटणीची गोष्ट त्यांना चटकन कळली. "ह्यो एकटा वजन घेते. ह्यो तिघांत घेते," ते पुठ्ठ्यावर बोट ठेवत म्हणाले. मग हिस्टिडिनच्या कड्यावर बोट नेलं. "नि ह्याचा जोडीदार कामात गुतलाय."

"बरोबर."

काकांनी कड्यावरचं बोट उचलून नळीतल्या मण्यांकडे दाखवलं. मग म्हणाले, "मंग बाई, त्याला धरूच कशाला देतो आपन?"

"म्हणजे?"

"त्या दिशी कॉस्टिक जास्ती परला व्हता, आठवते? कागुद नारंगीचा हिरवा झाला व्हता. तवा पयल्या बाटल्यांतच ह्याचा ठिपका आला. मी नंबर टाकला, तू बोललीस खराब झाला, फेकून दे."

मी माझी वही काढली. पंधरा दिवसांपूर्वीची नोंद होती. सिस्टिन काढण्यासाठी पाणी थोडं आम्लधर्मीच ठेवावं लागतं, पीएच पाचच्या आसपास, आणि तसंच पाणी आम्ही नळीत सोडत होतो. पाचला हिस्टिडिनच्या बहुतेक रेणूंवर धनभार असतो, म्हणून ते मण्यांना चिकटायचं आणि पुढे सगळीकडे शेपूट पसरायचं. त्या दिवशी कॉस्टिक जास्त पडून पीएच आठच्या आसपास गेला होता, म्हणून पीएच बघायचा कागद हिरवा झाला होता. आठला हिस्टिडिनच्या बाजूच्या साखळीने प्रोटॉन सोडून दिलेला असतो. ते अडकलंच नव्हतं, सरळ खाली उतरलं होतं. आणि लायसिन, आर्जिनिन आठला आपापले प्रोटॉन धरूनच बसतात. ती दोघं नळीत राहिली होती. ज्या बाटल्या मी खराब म्हणून फेकल्या, त्यांत मला हवं ते घडलेलं होतं, आणि ते काकांनी पाहिलं होतं.

"काका, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू शिकलेली," ते म्हणाले. "मना वाटला तुला ठाव असल."

आम्ही त्याच दुपारी पाणी आठवर आणलं, भरपूर पातळ केलं आणि नळीत सोडलं. हिस्टिडिन बाकीच्या गर्दीबरोबर खाली निघून गेलं. मग दोन दिवस अगदी हलका अमोनिया सोडत राहिलो, कंटाळा येईपर्यंत, आणि लायसिन बाहेर आलं. लायसिन संपल्यावर पहिल्यांदाच काही बाटल्या अशा मिळाल्या की ज्यांत ठिपकाच उमटला नाही. त्या कोऱ्या कागदाकडे बघून काका म्हणाले, "आता तिसरा एकटा हाय." मग तीव्र अमोनिया. पेपरवर आर्जिनिनचा एकच ठिपका आला, त्याच्या आजूबाजूला काही नाही. मी तो कागद दिव्यापाशी धरून दोनदा पाहिला आणि काकांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, आणि खिडकीत वाळत ठेवला.

महिन्याच्या जागी साडेतीन महिने लागले होते. मालकांनी पूड बघितली, चिमटीत घेतली आणि विचारलं, "पीएच आठ कोणाची कल्पना?" मी म्हटलं, "काकांची." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी पुठ्ठा आणून दाखवला आणि सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यापासून मोठ्या नळीचं काम सुरू झालं आणि त्यावर काकांना ऑपरेटर केलं. नाल्यात पाणी जायचं थांबलं असं नाही. बरंच जातच राहिलं. पण लायसिन आणि आर्जिनिन पिंपांत भरून बाहेर पडू लागलं, आणि पुढे राहिलेलं पाणीही झाडांवर फवारायच्या खतासाठी एकजण नेऊ लागला.

माझे रविवार बाईंकडे जात राहिले. एकेक प्रश्न निघायचा, एखादा दोन-दोन महिने पुरायचा. दुसऱ्या वर्षी बाबा काठी घेऊन जिना उतरायला लागले आणि ओळखीच्या एका दुकानात बसून मालाची यादी लिहायचं काम करू लागले, डाव्या हाताने. त्या जूनमध्ये मी नोकरी सोडून एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. बाई म्हणाल्या, "आता सगळ्यांना छळ."

एम.एस्सी.त असताना मला हिस्टिडिनबद्दल आणखी एक गोष्ट कळली, आणि ती काकांना सांगायलाच हवी असं वाटलं. पण अभ्यास, मग कल्याणच्या कॉलेजातली नोकरी, लग्न, असं करत मध्ये पाच-सहा वर्षं गेली. शेवटी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका सुट्टीच्या दिवशी कोलशेतला गेले. घोडबंदर रोडच्या बाजूला तेव्हा उंच इमारतींचे पाये खणायला लागले होते. कोळीवाडा होता तसाच होता. काका कामावरून मोकळे झाले होते, ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. मला बघून त्यांनी आत हाक मारली, "अगो, केसवाली बाई आली."

त्यांच्या बायकोने चहा आणला आणि ती पण बसली. मी सांगितलं, "काका, आपण हिस्टिडिनला कच्चं समजत होतो ना, लवकर सुटतं म्हणून? आपल्या शरीरात सगळ्यात कठीण कामं त्याच्याकडे असतात. रक्ताचा पीएच सातच्या थोडा वर असतो. तिथे लायसिन, आर्जिनिन प्रोटॉन धरून बसतात, सोडत नाहीत. हिस्टिडिनचा आकडा मात्र जवळच आहे, म्हणून ते गरजेप्रमाणे प्रोटॉन घेऊही शकतं आणि देऊही शकतं. जेवलेलं पचवणारी जी प्रथिनं असतात ना, त्यांतल्या कितीतरींमध्ये ऐन कामाच्या जागी हिस्टिडिनच बसलेलं असतं."

काकांनी जाळ्यातली गाठ ओढून घट्ट केली. "माशान बी असल?"

"माशांतही. त्यांच्यात तर भरपूर असतं."

"मंग खाडीत किती गेला आपला," ते म्हणाले, आणि हसायला लागले. त्यांच्या बायकोला काही कळलं नाही, तिने विचारलं काय झालं, तेव्हा त्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली, नळी, मणी, तीन नायट्रोजन. एका ठिकाणी ते अडले आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगणार होते, पण त्यांना आठवलं, आणि ते पुढे सांगू लागले. मग जेवून जा म्हणाले. बोंबलांचं कालवण होतं. मी थांबले.